करडी गाडी

गाडी आली त्या दिवशी थोरलीला सगळ्यात आधी राग आला तो तिच्या रंगाचा. ना धड पांढरी, ना काळी, ना राखाडी. इतर गाड्यांच्या रांगेत उभी केली तर नजर तिच्यावर ठरूच नये, म्हणून मुद्दाम असला करडा रंग निवडलाय, असं साहेब कौतुकानं सांगत होते. छतावर दिवा नाही, दारावर खात्याचं चिन्ह नाही. लाल-निळे दिवे होते, पण पुढच्या जाळीच्या आत दडवलेले. बटण दाबल्याशिवाय ते आहेत हे कळायचंही नाही. पुढच्या काचेमागे कॅमेरा आणि वेग मोजायचं यंत्र. आत बसणाऱ्यांनी साधे कपडे घालायचे.

"आपल्या वाहतूक शाखेची पहिली बिनखुणेची गाडी," साहेब म्हणाले आणि त्यांनी किल्ली धाकटीच्या हातावर ठेवली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनंही वाजवल्या. हातात पांढरे मोजे होते म्हणून आवाज आला नाही, इतकंच.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. एकाच घरात राहायच्या, थोरली खाली, धाकटी वरच्या मजल्यावर. स्वयंपाकघर मात्र एकच, खालचं. थोरली लग्नाच्या आधीपासून वाहतूक पोलिसात होती. रुग्णालयाजवळचा मोठा चौक तिचा. धाकटी लग्न होऊन घरात आली, नोकरी शोधत होती, तेव्हा थोरलीनंच तिला भरतीला बसवलं. अंगणात उभं करून शिट्टी कशी फुंकायची ते शिकवलं. हात खांद्याच्या वर गेला पाहिजे, कोपरात वाकता कामा नये, आणि गाडीकडे नाही, गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं, हे सगळं तिनंच पढवलं. धाकटी हुशार निघाली, याचा थोरलीला तेव्हा अभिमान वाटला होता. माणूस आपल्या मागे दोन पावलं असेपर्यंत त्याचा अभिमान वाटायला काहीच कष्ट पडत नाहीत.

गाडी आपल्याला मिळणार हे थोरलीनं गृहीतच धरलं होतं. नवऱ्याला सांगूनही टाकलं होतं. नवऱ्याचं टायरचं दुकान होतं, त्यानं गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. आता तो विचारत होता, "अगं, मग काय झालं?"

"त्यांना कॉम्प्युटर येणारी हवी होती," थोरली म्हणाली आणि बूट इतक्या जोरात काढला की तो पलंगाखाली गेला.

खरं दुखणं पुढेच होतं. धाकटी संध्याकाळी घरी यायची ती सकाळी गेली तशीच. केस जागच्या जागी, चेहऱ्यावर धुराचा थर नाही, घोट्यांना सूज नाही. गणवेशाला इस्त्री करायची कटकट नाही. थोरली मोरीत पाय थंड पाण्यात सोडून बसलेली असायची, आणि वरून धाकटीचं गुणगुणणं ऐकू यायचं. गुणगुणणं आधीही असेल. पण ते आता टोचायला लागलं.

त्याहून जास्त टोचायचं ते रात्रीचं जेवण. सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, निवृत्त बसचालक. आयुष्य रस्त्यावर गेलेलं, त्यामुळे रस्त्यावरच्या गोष्टींची त्यांना भारी ओढ. इतकी वर्षं ताट पुढ्यात आलं की ते विचारायचे, "बोल थोरले, आज चौकात काय?" आणि थोरली सांगायची. नवरदेवाच्या गाडीचा टायर फुटला ते, शेळ्यांनी भरलेला टेम्पो सिग्नलवर उघडला ते. आता अण्णा मान वळवून विचारायला लागले, "काय गं धाकटे, आज कोण सापडलं?"

धाकटीकडच्या गोष्टीच तशा असायच्या. स्टिअरिंगवर आरसा टेकवून दाढी करणारा. मांडीवर कुत्रा आणि कुत्र्याच्या तोंडात गॉगल. एक तर गुडघ्यांनी स्टिअरिंग धरून दोन्ही हातांनी काहीतरी खात होता, काय ते आठवून धाकटी हसतच सुटली आणि सांगायचं राहिलं. अण्णांना ठसका लागला. पाण्याचा तांब्या थोरलीनं पुढे केला, कारण एकटी तीच हसत नव्हती.

"पण हे बरोबर आहे का?" एके दिवशी थोरली म्हणाली. "लपून बसायचं आणि माणसाला धरायचं. पोलीस दिसायला पाहिजे. मला बघून लोक वेग कमी करतात. दंड नाही, काही नाही, तरी अपघात टळतो. तुझ्या गाडीला बघून कोण वेग कमी करतं? आधी चूक करू द्यायची आणि मग पकडायचं, हा शुद्ध सापळा झाला."

"सापळा कसला ताई?" धाकटी म्हणाली. "मी कुणाला चूक करायला सांगत नाही. तुमच्यासमोर नीट चालवतात आणि चौक सरला की सुटतात सुसाट. नियम काय फक्त तुमच्या चौकापुरता आहे?"

"आणि कुणाला खरं वाटलं नाही की तू पोलीस आहेस, तर? संध्याकाळची वेळ, एकटी बाई गाडी चालवतेय, शेजारी एक अनोळखी गाडी येऊन 'थांब' म्हणते. मी असते तर थांबले नसते."

"जाळीतले दिवे लावते ना मी."

"असले दिवे बाजारात कुणालाही मिळतात."

अण्णा एकीकडून दुसरीकडे बघत राहिले. "थोरली म्हणते त्यात तथ्य आहे," ते म्हणाले. "पण धाकटीचंही खोटं नाही. मी स्वतः तुझ्या चौकात बस हळू घ्यायचो आणि पुढे..." ते थांबले, कारण थोरलीचा चेहरा त्यांना दिसला.

धाकटीनं ताटं उचलली. जाता जाता तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जे होतं ते थोरलीला नीट वाचता आलं. ताई जळतेय, असं होतं ते. आणि सगळ्यात झोंबलं ते हे, की ते खरं होतं. मुद्दा बरोबर होता, आणि तरी ती जळत होती.

मग गोदामांच्या रस्त्यावरचा तो प्रकार घडला.

अंधार पडायच्या बेताला एक परिचारिका दवाखान्यातली पाळी संपवून घरी निघाली होती. छोटी निळी गाडी, वेग जास्त, आणि तिनं एका ट्रकला पिवळी रेघ ओलांडून मागे टाकलं. धाकटीनं आपली गाडी तिच्या बाजूला घेतली, दिवे लावले, काच खाली करून हात दाखवला. धाकटीच्या शेजारी जोडीचा हवालदार होता, धिप्पाड, दाढी वाढलेला, चौकटीच्या शर्टात. परिचारिकेनं एकदा वळून बघितलं आणि गाडी पळवली. धाकटी मागे लागली. पुढच्या वळणावर निळी गाडी गोदामाच्या भिंतीवर जाऊन आदळली. बाई वाचली, पण खांद्याचं हाड मोडलं.

धाकटी त्या दिवशी घरी आली ती थेट वर गेली. जेवायला आली नाही. तिच्या नवऱ्यानं खाली येऊन काय झालं ते सांगितलं. थोरली पातेल्यात डाव फिरवत ऐकत होती. ऐकताना तिच्या छातीत काहीतरी हलकं झालं, बंद खोलीची खिडकी कुणीतरी उघडावी तसं. 'मी म्हटलं होतं.' हे शब्द जिभेवर आले, आणि त्यांची चव इतकी गोड होती की ती स्वतःच दचकली. एका बाईचं हाड मोडलंय. आणि आपण इथं उभं राहून चव घेतोय. तिनं गॅस बंद केला आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही वाढून घ्या."

चौकशी लागली. ती होईपर्यंत धाकटीला कार्यालयात बसवलं. आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांनी थोरलीला केबिनमध्ये बोलावलं.

"बसा. गाडी नुसती उभी राहून उपयोग नाही. सध्या तुम्ही चालवा." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, वरून विचारणा होतेय की ही पद्धतच चुकीची आहे का. मला तसं वाटत नाही. गाडी चांगली आहे, चालवणारी घाई करते. तुम्ही अनुभवी आहात, तिला ओळखता. चौकशीत तुम्हाला विचारतील. काय ते सांगा. मग गाडी कायमची तुमच्याकडेच राहील, यात मला तरी काही अडचण दिसत नाही."

थोरली "बरं साहेब" म्हणून बाहेर आली. किल्ली तिच्या मुठीत होती, आणि तिनं ती इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर किल्लीचे दात उमटले.

गाडी छान होती. हे कबूल करायला तिला पहिल्या वळणापर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. सीट मऊ, आत गार हवा, पायांवर भार नाही. सीट धाकटीच्या उंचीप्रमाणे लावलेली होती. थोरलीनं ती मागे सरकवली, आरसा बदलला, रेडिओचा आवाज बदलला. धाकटीनं कडेला अडकवलेला केसांचा चाप काढून कप्प्यात टाकला. आता गाडी तिची झाली.

आणि मग तिला लोक दिसायला लागले. चौकात तिला लोक दिसत नव्हते असं नाही, पण ते तिच्याकडे बघून नीट बसलेले लोक असायचे. इथं कुणालाच ती दिसत नव्हती. शाळेची गाडी सिग्नल तोडत होती. एक आई मागच्या सीटवरच्या पोराला मागे वळून धपाटे घालत होती, गाडी आपली चाललीय. इतकी वर्षं आपण ज्याला शिस्त समजत होतो, ती हाकेच्या अंतरापुरती होती, हे तिला कळलं. धाकटी हे जेवताना सांगत होती, तेव्हा आपण फक्त अण्णांचं हसणं मोजत होतो.

एका दुपारी पुलावर एक मोठी काळी गाडी तिच्या पुढे गेली. चालवणारा फोनवर बोलत होता, आणि बोलताना दुसरा हात हवेत नाचवत होता. थोरलीनं ओळखलं. फर्निचरवाला! तिच्या चौकातून रोज सकाळी जाणारा. रोज काच खाली करून कपाळाला हात लावणारा. "काय मॅडम, ठीक ना?" असं विचारणारा. तिला हसूच आलं. तिनं गाडी त्याच्या बाजूला घेतली, दिवे लावले, हातानं थांबायची खूण केली.

फर्निचरवाल्यानं तिच्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत. आणि त्याला ती ओळखूच आली नाही. साध्या कुडत्यातली एक मध्यमवयीन बाई, जुनाट रंगाच्या गाडीत. त्यानं मान उडवली, काहीतरी बोलला, आणि निघाला.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. रोज सलाम करतोस तो कुणाला? तिचा पाय खाली गेला. तिनं दाबला असं तिला वाटलं नाही, तो गेला. काळी गाडी पुलावरून उतरली, बाजाराच्या रस्त्याला लागली, समोर हातगाड्या, सायकली, आणि थोरलीला फक्त त्या गाडीचे मागचे दिवे दिसत होते.

"ताई," शेजारी बसलेला, धाकटीच्या जोडीचाच तो हवालदार म्हणाला. मग जोरात, "ताई, सोडा! नंबर घेतलाय मी. सोडा त्याला!"

तिनं ब्रेक दाबला. एक भाजीची हातगाडी समोरच होती, आणि ती ओढणारा म्हातारा तिच्याकडे बघत होता, भीतीनं नाही, वैतागानं, कुणी वेडी बाई असावी तसं. थोरलीनं गाडी कडेला घेतली.

"त्या दिवशी तू बोलला होतास का?" तिनं हवालदाराला विचारलं. "तिला, सोडा म्हणून?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "नाही ताई. मलाही वाटलं, पळतेय म्हणजे काहीतरी असणार."

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी थोरली वर गेली. धाकटी गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होती. थोरलीनं चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी चादर ताणली, घडी घातली, जवळ आल्या.

"साहेबांनी मला सांगितलंय काय बोलायचं ते," थोरली म्हणाली.

"मला माहितेय. सगळ्यांना माहितेय." धाकटीनं चादर घेतली. "बोला ना ताई. खोटं थोडंच आहे? मी पाठलाग करायला नको होता. नियमात लिहिलंय, थांबला नाही तर नंबर घ्यायचा आणि सोडायचं." मग ती वळली, "एक विचारू? तुम्ही तेव्हा जेवताना म्हणाला होतात, की एकटी बाई थांबणार नाही. ते तुम्हाला खरंच वाटत होतं, की माझ्यावर जळत होतात?"

थोरलीनं दोरीवरचे चिमटे काढायला सुरुवात केली. एक, मग दुसरा. "दोन्ही," ती म्हणाली.

"मला फक्त जळणं दिसलं," धाकटी म्हणाली. "म्हणून ऐकलं नाही."

"दिसणारच. मी काही लपवत नव्हते."

"आता?"

"आता तर गाडी चालवून बघितलीय. आता जास्तच जळते. तुझा केसांचा चाप कप्प्यात आहे, घेऊन जा."

धाकटी हसायला गेली आणि रडायला लागली. थोरलीनं चिमट्यांची पिशवी खाली ठेवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

चौकशी एका लांबट खोलीत झाली. पंखा फिरत होता, टेबलावर पाण्याचे ग्लास झाकून ठेवलेले. परिचारिका हात गळ्यात बांधून बसली होती. तिला विचारलं, दिवे दिसले नाहीत का?

"दिसले," ती म्हणाली. "दिव्यांमागे कोण आहे ते दिसलं नाही. एक दाढीवाला माणूस दिसला. वेग जास्त होता, मी नाकारत नाही, दंड करा. पण गणवेश दिसला असता तर मी तिथल्या तिथे थांबले असते." ती धाकटीकडे वळली. "तुम्ही माझ्या मागे येत राहिलात. तुम्ही माझा जीव घेणार असंच वाटत होतं मला."

"माफ करा," धाकटी म्हणाली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

मग थोरलीची पाळी. साहेब तिच्याकडे बघून किंचित मान हलवत होते. ती उभी राहिली आणि तिनं काळ्या गाडीची गोष्ट सांगितली. पुलावरची, बाजारातली, हातगाडीवाल्याची. तिचा स्वतःचा पाय खाली गेला तिथपर्यंत. "पाठलाग केला ही तिची चूक," ती म्हणाली. "पण तीच चूक मी इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर, ती माहीत असूनही केली. माझ्यासमोर हातगाडी आली, तिच्यासमोर भिंत आली. माझं नशीब एवढंच वेगळं. साध्या गाडीतून बघायला माझी हरकत नाही साहेब. मी स्वतः बघितलं, त्याशिवाय खरं दिसतच नाही. पण थांबवायचं काम गणवेशानं करावं. पुढे, उजेडात, लोकांना दिसेल असं."

साहेबांची मान हलायची थांबली होती. थोरलीला कळलं की गाडी गेली. खोटं कशाला बोला, खाली बसताना तिला वाक्य परत घ्यावंसं वाटलं.

धाकटीला ताकीद मिळाली, नोकरी शाबूत राहिली. काही आठवड्यांनी नवा नियम आला: बिनखुणेच्या गाडीनं फक्त पाहायचं आणि वायरलेसवर कळवायचं, थांबवतील ते पुढचे, गणवेशातले. हा नियम आपल्याला कसा सुचला, ते साहेबांनी बैठकीत सविस्तर सांगितलं. दोघी जावांना पुलाच्या पायथ्याशी एकत्र नेमलं. आणि करडी गाडी नियंत्रण कक्षातल्या एका तरुणाला दिली. आयुष्यात एक दिवस चौकात उभा न राहिलेला, गोरागोमटा, नखं स्वच्छ कापलेला.

पहिल्या सकाळी तो त्यांच्या समोरून गेला. काच बंद, एक हात खिडकीच्या कडेला टेकवलेला.

"बघितलंत?" धाकटी म्हणाली. "सीट केवढी मागे घेतलीय."

"झोपायला निघालाय जसा."

"आणि गॉगल! कशाला हवा गॉगल? आत ऊन कुठं लागतंय?"

"आपण पाय सुजवून मरायचं आणि हा बघा," थोरली म्हणाली. ऊन आताच चढायला लागलं होतं. "गार हवेत सारखं बसून सर्दी होते, तुला कधी झाली होती का?"

"नाही."

"याला होऊ दे."

वायरलेस खरखरला. त्या तरुणाचा आवाज आला, सुशिक्षित, निवांत: पांढरा टेम्पो, वेग जास्त, पुलावरून खाली येतोय. धाकटीनं तोंड वेडावून त्याची नक्कल केली, अगदी हुबेहूब. थोरली हसत हसतच रस्त्याच्या मधे गेली, मोज्यातला हात वर केला, आणि टेम्पोवाल्याच्या डोळ्यांत बघत उभी राहिली. धाकटी कडेला जागा मोकळी करायला धावली.